वॉटर पाईप, ९० बाय ४५: कपाटावरच्या माथेरान लाईनच्या नोंदी

६ जानेवारी २०२४

घरात छोटी मॉडेल रेल्वे करायची आहे, त्यासाठी जागा मोजली. बेडरूममधल्या कपाटाच्या माथ्यापासून छतापर्यंत ४८ सेंमी. कपाटाची रुंदी आणि खोली पाहता ९० बाय ४५ सेंमीची फळी वर बसेल, डोंगराची उंची ३० च्या आत ठेवावी लागेल. गाडी चालवायची तेव्हा फळी खाली काढून जेवणाच्या टेबलावर ठेवायची. टेबल रविवारी दुपारी दोन ते पाच मोकळं असतं. डोंबिवलीच्या वन बीएचकेमध्ये एवढी जागा मिळाली हेच खूप.

मनात आधी डेक्कन क्वीन होती. गणित केलं. १:१६० प्रमाणात तिचा एक डबा १४-१५ सेंमी होतो. चार डबे आणि इंजिन लावलं की फळी संपली, आणि चार डब्यांची डेक्कन क्वीन मला बघवणार नाही. मग लहानपणापासून डोक्यात असलेली दुसरी गाडी घ्यायची ठरली: नेरळ–माथेरान. तिचे रूळ मुळात ६१० मिलिमीटर रुंद, डबे बुटके, वळणं इतकी आवळ की मॉडेलचं तीव्र वळण तिथे खोटं वाटत नाही. छोट्या जागेत मॉडेल करायचं असेल तर मुळात छोटी असलेली लाईन निवडावी.

प्रमाण १:७६ ठेवतोय, रूळ ९ मिमीचे. त्या हिशेबाने रूळ ६८४ मिमी रुंद दिसतील, म्हणजे खऱ्यापेक्षा ७४ मिमी जास्त. बिनचूक रुंदीसाठी रूळ आणि चाकं हाताने करावी लागतील, ते मला जमणारं नाही. ही तडजोड पहिल्याच दिवशी लिहून ठेवतो, पुढे सारखी खुपायला नको.

२७ जानेवारी

पहिली चूक. सुताराकडून १८ मिमी प्लायचा तुकडा आणला, ६२० रुपये. "मजबूत पाहिजे" एवढंच डोक्यात होतं. घरी काट्यावर ठेवला तर नुसती फळीच साडेचार किलोच्या वर. स्टुलावर उभं राहून हे ओझं डोक्यावरून कपाटावर सरकवायचं, त्यावर डोंगरही असणार. बायको म्हणाली, "एकदा रिकामी फळीच वर ठेवून दाखव." ठेवली. पुन्हा नाही.

नवीन बेत: ६ मिमी प्लाय, खाली दोन बाय एक इंची पट्ट्यांची चौकट, मध्ये एक आडवी पट्टी. ४८० रुपये. प्लायच्या दोन्ही बाजूंना आणि कडांना प्रायमर मारला. एकाच बाजूला मारला तर दुसरी बाजू ओल धरते आणि फळी वाकते, हे सुताराने आपणहून सांगितलं. रिकामी फळी आता अडीच किलोला आली.

११ फेब्रुवारी

रूळ आले. मित्र जपानहून येणार होता, त्याच्याकडून टोमिक्स या जपानी मॉडेल रेल्वे ब्रँडचे छोटे वळणाचे तुकडे मागवले होते: १४० आणि १७७ मिमी त्रिज्येचे, दोन छोटे सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे तुकडे), सरळ तुकडे. मुख्य रुळांचे आणि सांध्यांचे ७,९०० रुपये. १७७ चे वेगळे १,८५०, ते का घेतले ते पुढे येईल.

कॉम्प्युटरवर नकाशा काढण्यापेक्षा हे करा: प्रत्येक तुकड्याची झेरॉक्स काढा, कापा आणि फळीवर मांडून बघा. झेरॉक्सवर पन्नास रुपये गेले आणि तीन मांडण्या एका संध्याकाळी तपासून झाल्या.

हिशेब असा जुळला. टोकाची वळणं १४० त्रिज्येची. सरळ बाजू ५६० मिमी. सांधा ७० मिमी लांब, त्याला जोडून परतीचं वळण ७० मिमी, मध्ये २८० चा सरळ तुकडा, मग तेच उलट्या क्रमाने. बेरीज नेमकी ५६०. म्हणजे समोरच्या बाजूला लूप लाईन (एक गाडी बाजूला थांबवायचा दुसरा रूळ) बसते, दोन गाड्यांचं क्रॉसिंग होऊ शकतं. एकूण लांबी ८६ सेंमीच्या आत, दोन्ही टोकांना दोन-दोन सेंमी उरतात. रूळ फळीच्या कडेला इतके जवळ नसावेत हे कळतं, पण पर्याय नाही. कडेला पारदर्शक प्लास्टिकची तीन सेंमीची पट्टी लावणार. गाडी टेबलावरून खाली पडण्यापेक्षा ती पट्टी दिसलेली बरी.

२५ फेब्रुवारी ते १० मार्च

हे दोन आठवडे वाया गेले. नीट लिहितो, कारण डोंगरी लाईन करणारा प्रत्येकजण इथेच अडकेल.

माथेरानची लाईन म्हणजे चढ. खऱ्या मार्गावर १:२० पर्यंतचा चढ आहे, म्हणजे वीस मीटर गेल्यावर एक मीटर वर. मला तोच हवा होता. बेत असा की गाडी बाहेरच्या १७७ च्या वेढ्यावरून चढत जाईल, आतल्या १४० च्या वेढ्यावर येईल, स्वतःच्याच रुळांवरच्या पुलावरून ओलांडेल आणि खाली उतरेल. खालच्या गाडीला जायला ५५ मिमी उंची लागते. १:२० ने ५५ मिमी चढायला ११०० मिमी लांबी हवी आणि उतरायला तेवढीच. कागदावर बसत होतं.

थर्माकोलच्या पाचरी कापून रूळ चढवले. इंजिन (५,२०० रुपये, चार चाकी छोटं) सपाटीवर चार डबे सहज ओढतं. सरळ चढावर दोन. चढ आणि वळण एकत्र आले की एक डबा घेऊनही चाकं जागच्या जागी फिरतात. पंक्चरवाल्याकडून टायर बॅलन्सिंगची पाच-पाच ग्रॅमची वजनं आणून इंजिनाच्या पोटात दोन बसवली. फरक पडला, पण एका डब्याचे दोन झाले एवढाच. रुळांना अॅसिटोन लावून पुसलं, चाकं पुसली. तेच.

कारण समजायला मला उशीर झाला. वळणावर चाकांच्या कडा रुळाला घासतात, तो विरोध चढाच्या विरोधात मिळतो. खऱ्या लाईनवरही हाच प्रश्न होता. १९०७ साली मार्ग सुरू झाला तेव्हा ओरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कंपनीची जी सहा चाकी वाफेची इंजिनं आणली, त्यांच्या टोकाच्या आसांना वळणावर बाजूला सरकता येईल अशी क्लीन-लिंडनर पद्धतीची रचना होती. त्यांनी इंजिनच वळणासाठी घडवून घेतलं होतं. माझ्या खेळण्यातल्या इंजिनाचे आस ताठ आहेत, आणि मी त्याच्याकडून तीच अपेक्षा करत होतो.

१० तारखेला सगळ्या पाचरी उपटल्या. रूळ सपाट. १७७ चे १,८५० रुपये आणि थर्माकोलचे १२० गेले.

रूळ सपाट ठेवून चढ कसा दाखवायचा? डोळा रुळांची उंची मोजत नाही, शेजारची जमीन बघतो. म्हणून समोरची फळी डावीकडे कापून खाली दरी करायची, मागचा डोंगर डावीकडून उजवीकडे उतरता ठेवायचा, दगडी भिंतीचे थर रुळाला समांतर न ठेवता किंचित तिरपे काढायचे. गाडी उजवीकडून डावीकडे जाताना चढतेय असं वाटलं पाहिजे. बघू.

१७ मार्च

माथेरानला जाऊन आलो. मॉडेल करणाऱ्याने जागेवर जायलाच हवं, फोटोंनी भागत नाही. नेरळहून टॉय ट्रेनचं तिकीट मिळालं नाही, शेअर टॅक्सीने दस्तुरीला (मोटारी इथवरच जातात) गेलो आणि अमन लॉज स्टेशनपासून रुळाच्या कडेने चालत राहिलो.

फोटोत न दिसलेल्या तीन गोष्टी वहीत लिहिल्या. रुळांमधली माती आणि खडी यांचा रंग जवळजवळ एकच आहे, खडी राखाडी राहतच नाही. भिंतींचे दगड काळे असले तरी सांध्यांतून लाल ओघळ उतरलेले आहेत. आणि झाडं रुळांच्या इतकी जवळ आहेत की फांद्या डब्याच्या छपरावर येतात: जांभूळ, अंजन, हिरडा. माझ्या नकाशात झाडं रुळांपासून पाच सेंमी लांब होती. ती दीड सेंमीवर आणणार.

कोणतं स्टेशन करायचं तेही ठरलं: वॉटर पाईप. अख्खी लाईन वीस-एकवीस किलोमीटरची, नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज, माथेरान. मी आधी नेरळ आणि माथेरान अशी दोन्ही टोकं ९० सेंमीत कोंबत होतो. मधलं एकच ठिकाण घेतलं की गाडी खालून येते आणि वर निघून जाते, तिला टोक दाखवावं लागत नाही.

७ एप्रिल

डबे. सनबोर्डचे आणि जुन्या प्लास्टिक ओळखपत्रांचे. बोगी (म्हणजे डब्याखालची चाकांची वळणारी चौकट) आणि चाकं विकतची, सहा डब्यांची २,४०० रुपये.

पहिले दोन डबे १०५ मिमी लांब केले. सपाट ओव्हलवर धावले, लूपमध्ये शिरताना पडले. प्रत्येक वेळी त्याच जागी. सांध्याचं वळण एका बाजूला आणि लगेच परतीचं वळण दुसऱ्या बाजूला, मध्ये सरळ तुकडा नाही. शेजारशेजारच्या डब्यांची टोकं विरुद्ध दिशांना जातात आणि कपलिंग (डबे जोडणारा आकडा) हलक्या डब्याला उचलून बाहेर टाकतं. सरळ तुकडा घालायला जागा नाही, घातला तर ५६० चं गणित मोडतं.

म्हणून डबे बदलले. लांबी ८२ मिमी केली, कपलिंग डब्याच्या तळाऐवजी बोगीला लावलं, प्रत्येक डब्यात पाच ग्रॅमचं वजन चिकटवलं. पुढे ढकलत आणि मागे खेचत वीस-वीस फेऱ्या मारल्या, एकही डबा पडला नाही. कोणतीही इमारत किंवा बोगदा चिकटवण्याआधी सर्वांत लांब डबा हाताने वळणावर फिरवा आणि त्याची टोकं कुठवर जातात ते पेन्सिलने फळीवर आखा. मी आखलं, त्यामुळे बोगद्याचं तोंड पाच मिमी रुंद केलं.

२८ एप्रिल

कंट्रोलर. तयार मिळणारं पीडब्ल्यूएम मॉड्यूल (वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग ठरवणारं) २२० रुपयांना घेतलं, १२ व्होल्टचा अॅडाप्टर २५० ला. गाडी हळू चालते, पण इंजिन मोठ्याने गुणगुणतं आणि दहा मिनिटांत हाताला गरम लागतं. एवढ्या छोट्या मोटरला हे नको.

लॅमिंग्टन रोडवरून एलएम३१७ (व्होल्टेज कमी-जास्त करणारी चिप), २४० ओमचा रेझिस्टर, २ किलोओमचा पॉट (फिरवायचा रेझिस्टर), हीटसिंक आणि मधे बंद होणारा दुहेरी स्विच आणला. सगळं मिळून ३१० रुपये. सोल्डरिंगला एक रविवार लागला, त्यातला अर्धा वेळ स्विचच्या उलट्या जोडणीत गेला. १२ व्होल्टमधून वर साडेनऊच्या आसपास मिळतात. या इंजिनाला सहा पुरतात. आवाज गेला, इंजिन थंड.

या सांध्यांची एक गोष्ट फार आवडली. सांधा ज्या बाजूला वळवू त्याच बाजूला वीज जाते. त्यामुळे लूपमध्ये एक गाडी थांबवून दोन्ही सांधे फिरवले की ती आपोआप बंद पडते आणि दुसरी निघते, वेगळा स्विच लागत नाही. वायर मात्र मागच्या एकेरी रुळालाच जोडा. मी आधी लूपच्या आत जोडली होती आणि अर्धी लाईन मेली म्हणून तासभर मल्टिमीटर घेऊन बसलो होतो.

क्रॉसिंगसाठी दुसरी मोटर-चासी (इंजिनाचा मोटर आणि चाकांचा सांगाडा) घेतली. ३,४०० रुपये.

१९ मे

डोंगर. उरलेल्या थर्माकोलच्या तुकड्यांवर स्प्रे पेंट मारून बघितला आणि ते डोळ्यांदेखत खाली बसले, खड्डे पडले. स्प्रेमधलं द्रावण थर्माकोल विरघळवतं. नशीब, चाचणी तुकड्यावर केली होती. एसी डक्टचं काम करणाऱ्याकडून ५० मिमी एक्सपीएस फोमचे (थर्माकोलपेक्षा दाट) तुकडे आणले, ३५० रुपये. ब्लेडने कापला, फेव्हिकॉलने थर चिकटवले, वर टिश्यू पेपर आणि पातळ फेव्हिकॉल, मग पाण्यात मिसळणारे रंग. स्प्रे नाही.

टोकाची वळणं लपवायची होती. उजवीकडे बोगदा केला. दुसरा बोगदा डावीकडे करावा असं फार वाटत होतं, पण या लाईनवर बोगदा एकच आहे, वन किस टनेल. ती लाईन ओळखणारा माणूस पहिल्यांदा हेच बघेल. म्हणून डावीकडे डोंगराची सोंड आणि दाट झाडी.

चूक: मागचा रूळ डोंगराने पूर्ण झाकला आणि दुसऱ्याच दिवशी आत डबा पडला. हात जाईना. चिमट्यानेही निघाला नाही. मागच्या भिंतीला २५ बाय १० सेंमीची खिडकी कापली. आधी कापली असती तर पाच मिनिटांचं काम होतं. आता डोंगराच्या आतला थर उकलल्यामुळे तीन तास गेले.

२ जून

लाल माती. माथेरानहून मुद्दाम आणली नव्हती, तो संवेदनशील वनपट्टा आहे, तिथून काही उचलू नये. नर्सरीतल्या कुंड्यांची लाल माती वाळवली, ओढणीच्या कापडातून चाळली आणि पसरली. रंग अगदी हवा तसा आला.

संध्याकाळी इंजिन करकर करत थांबलं. उघडलं तर मोटरच्या बाजूने काळी पूड. मातीत चुंबकाला चिकटणारे लोखंडी कण होते, ते चाकांवरून गिअरमध्ये आणि तिथून मोटरच्या चुंबकाकडे गेले. गिअर सुईने साफ करायला दोन तास लागले. उरलेली माती कागदावर पसरली, जुन्या स्पीकरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून तीनदा फिरवलं. प्रत्येक वेळी काळी मिशी निघाली. लाल माती किंवा नदीची वाळू वापरणार असाल तर आधी चुंबक फिरवा. हे विसरू नका.

याच दिवशी दुसरं नुकसान. माती बसवायला पाण्यात अर्धंअर्धं फेव्हिकॉल आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब असं मिश्रण ड्रॉपरने सोडत होतो. डावीकडच्या सांध्यात ते उतरलं. सकाळी पाती हलेनात. कोमट पाण्यात भिजवून सुटली, पण आतल्या पत्र्यावर हिरवट गंज आला आणि वीज जाईना. नवा सांधा मागवला. कस्टमसकट १,६५० रुपये आणि यायला सात आठवडे. सांध्याच्या भोवती कोरडी माती चिकटवावी, तीही आधी काडीने गोंद लावलेल्या जागेपुरतीच.

३० जून

झाडं. तांब्याची वायर पिळून खोड, भांडी घासायच्या स्पंजचा चुरा करून पानं. स्पंज जुन्या मिक्सरमध्ये पाणी घालून दळला, रंग लावून वाळवला. पंखा बंद ठेवून काम करावं लागतं, जूनमध्ये ती खरी परीक्षा आहे. एकूण ४६ झाडं. जमिनीवर गवतासाठी हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा.

आईला दाखवलं. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "रुळाजवळची पानं इतकी हिरवी कुठं असतात रे? सगळी लाल धुळीनं माखलेली असतात. आम्ही गेलो होतो तेव्हा माझी साडीसुद्धा तांबडी झाली होती." मी मार्चमध्ये तिथून चालत आलो होतो, वहीत मातीचा रंग लिहिला होता, पानांचा नाही. तीच चाळलेली माती कोरड्या ब्रशने खालच्या फांद्यांवर झटकली. आता तो मे महिना झाला. इतके दिवस जे काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं ते हेच होतं.

लेकीने माकडं केली, एम-सीलची, सहा. स्टेशनची पाटी फोटो पेपरवर छापून घेतली, अक्षरं दोन मिमी उंचीची. झेरॉक्सवाल्याने तीन वेळा काढून दिली आणि पैसे एकदाचेच घेतले.

२८ जुलै

बुरशी. फळी तीन आठवडे कपाटावर प्लास्टिकखाली झाकून होती. काढली तर भुशाच्या गवतावर पांढरी लव, दरीच्या बाजूला सर्वांत जास्त. स्पंजच्या झाडांना काहीही झालेलं नाही. लाकडाचा भुसा, ओल आणि हवाबंद प्लास्टिक, तिन्ही मीच दिले.

सगळा भुसा खरवडून काढला, फळी दोन दिवस पंख्याखाली, त्या जागी स्पंजचाच बारीक चुरा. आता झाकायला आईची जुनी सुती साडी, आणि फळी भिंतीपासून चार बोटं पुढे. रूळ काळे पडले होते, खोडरबराने घासले आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. पावसाळ्यात दर रविवारी एवढं करावंच लागतं.

नवा सांधा आला, बसवला.

१८ ऑगस्ट

आज क्रॉसिंग झालं. वरून येणारी गाडी डोंगराच्या सोंडेमागून आली, लूपमध्ये थांबली, दोन्ही सांधे फिरवले, खालची गाडी बोगद्यातून आली आणि शेजारून निघून गेली. चाळीस मिनिटं चालवलं, एकदाही हात लावावा लागला नाही. रूळ सपाट आहेत हे मला माहीत आहे, तरी टेबलाच्या उजव्या टोकाला बसून बघितलं की गाडी चढताना दिसते. डाव्या टोकाला बसलं तर तो भास राहत नाही, म्हणून पाहुण्यांची खुर्ची उजवीकडे.

खर्च: एकूण २६,२५० रुपये. त्यातले रंग, गोंद, स्पंज, वायर यांचे १,४५०. वाया गेलेले ४,४६०: जाड प्लाय, थर्माकोल, १७७ चे तुकडे, पीडब्ल्यूएम, बुडालेला सांधा. तास मोजले नाहीत, रविवार मोजले: सव्वीस. वजन चार किलो तीनशे.

बाकी आहे ते: डाव्या वळणाच्या दुसऱ्या जोडावर शेवटचा डबा अजून हलकासा उडी मारतो, तिथे रूळ अर्धा मिमी वर असावा. डोंगर न उकलता त्याच्याखाली ब्लेड घालता येतं का, ते पुढच्या रविवारी.